हातवर तात्या

आमचे तात्या लहान मुलांना भ्यायचे. कुत्र्याला, पोलिसाला, पुराच्या पाण्याला माणूस भितो, तसे. समोरून एखादं दोन-तीन वर्षांचं पोर दुडूदुडू येताना दिसलं की तात्या रस्त्याची बाजू बदलत. पोर त्यांच्याच बाजूला वळलं तर जागच्या जागी उभे राहत आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलत, तळवे समोर. आई, आजी, कुणीतरी येऊन पोराला घेऊन जाईपर्यंत तसेच. कुणी हसायचं, कुणी विचारायचं, बाबा, काय झालं? तात्या म्हणायचे, "काय न्हाई माय. तुमचं लेकरू तुमच्यापाशी, माझं हात माझ्यापाशी."

वस्तीतल्या पोरांनी याचा खेळ केला होता. काठीची बंदूक करून ती झोपडीच्या आडून पुढे यायची आणि म्हणायची, तात्या, हात वर. तात्या बिडी ओढत असले तर ती तोंडात तशीच ठेवून हात वर करायचे. पोरं खिदळत पळून जायची. त्यावरून नाव पडलं, हातवर तात्या. आजी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरला तवाबी ह्यो हात वर करूनच उभा हुता. हार घालताना मला टाचा उचलाव्या लागल्या." आजीचं खरं असेल असं वाटत नाही. पण स्वतःच्या नातवंडांनाही तात्या वस्तीच्या बाहेर, रस्त्यावर, कधी कडेवर घेत नसत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नातू दमून रडायला लागला तर त्याच्याबरोबर रस्त्याच्या कडेला बसून राहायचे. उचलायचे नाहीत. रस्त्याने जाणाऱ्याला काय ठाऊक नातू कुणाचा, म्हणायचे.

मी त्यांच्या थोरल्या भावाची नात. एका संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते. पत्रकात माणसाला नाव नसतं, तिथे 'समाजबांधव' असतो आणि तो 'अन्यायाविरुद्ध पेटून उठतो'. तात्या कशाविरुद्ध कधी पेटून उठले नाहीत. त्यामुळे पत्रकात ते मावत नाहीत, म्हणून हे वेगळं लिहायला घेतलं.

आम्ही डवरी गोसावी. शिर्डीच्या हॉटेलांची रांग संपते तिथून पुढे गायरानावर आमची वस्ती आहे. आता तरुण पोरं हारफुलांच्या दुकानात, लॉजवर कामाला जातात. पण तात्यांच्या पिढीचा धंदा एकच, कमरेला डवर, म्हणजे आमचं डमरूसारखं चामडी वाद्य, बांधायचा, खांद्याला झोळी अडकवायची आणि गावोगाव नाथांची गाणी गायची. राजा राज्य सोडून जोगी कसा झाला, त्याची आई त्याला काय म्हणाली, राणीने वाट कशी अडवली. त्या गाण्याला दाणे मिळतात. लोक याला भीक म्हणतात. तात्या 'फेरी' म्हणायचे. गावं वाटलेली असत, शेतं वाटतात तशी. अमुक गावं थोरल्याची, तमुक धाकट्याची. तात्यांना कोपरगावकडची पाटाच्या कडेची गावं वडिलांकडून आली होती. दुसऱ्याच्या गावात आपण गायचं नाही आणि आपलं गाव एक वर्षही सोडायचं नाही, असा दंडक.

गावात शिरायची त्यांची रीत होती. वेशीबाहेरच डवरावर थाप टाकायची, आवाज लावायचा आणि मग पाऊल टाकायचं. "आवाज आधी, पाय मागून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चोर गुपचूप येतो, आपण वाजत येतो, मग आपल्याला चोर कोण म्हणेल? आणि पुढे एक गोष्ट ते अगदी गंभीरपणे सांगायचे. डवर वाजवणाऱ्याचे दोन्ही हात कामात असतात, एका हातात टिपरी, दुसऱ्याची बोटं चामड्यावर. "आपल्यासारखा उजळ धंदा न्हाई. हात कुठं हायेत, आंधळ्यालाबी कळतं."

मी चिडायची. मी म्हणायची, तात्या, तुम्ही काही गुन्हा केलेला नाही, हात कशाला दाखवत फिरता? ताठ मानेने चाला. ते म्हणायचे, "भीती हाय म्हनून सांजच्याला घरी येतो, बाई. तुझ्या ताठ मानंचं दोघं गेले, ते आलेच न्हाईत." ते दोघं कोण, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. आमच्याच नात्यातले. लांबच्या जिल्ह्यात फेरीला गेले आणि पोरं पळवणारे म्हणून जमावाने धरले. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. त्यांच्या बायका अजून आहेत.

आणि सगळ्यात वाईट काय, तर हीच माणसं, हीच गावं, एके काळी आपली लेकरं आपण होऊन आमच्या झोळीत घालायची. हे आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. ज्या बाईची मुलं जगत नव्हती, ती बाळंतपणानंतर डवऱ्याची वाट बघायची. तो दारात आला की तान्हं त्याच्या झोळीत ठेवायची. म्हणजे मूल तिचं राहिलं नाही, गोसाव्याचं झालं. आता त्याच्यावर कुणाची नजर पडणार नाही. मग पसाभर जोंधळे देऊन ती ते परत विकत घ्यायची. अशा पोराचं नाव भिका नाहीतर गोसावी ठेवायचे. झोळीत मूल असताना गायचं एक छोटं गाणं होतं. तात्या ते फार हळू म्हणायचे:

झोळीत माझ्या चांदणं आलं,
पसाभर जोंधळ्यानं सुटून गेलं,
ज्याचं हुतं त्याच्या घरला गेलं.

तरुणपणी तात्यांनी किती लेकरं अशी झोळीत घेतली, त्यांनाच आठवत नव्हतं. "तवा हात भरलेलं असायचं," म्हणायचे. ते हात वर कधी गेले ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. हळूहळूच गेले असणार. आधी एखाद्या गावात कुणी पोराला हटकलं असेल, बाबाजवळ जाऊ नको, झोळीत घालून नेईल. गंमत म्हणून हटकलं असेल. जेवत नाही म्हणून भीती दाखवली असेल. अशी गंमत करून करूनच हे झालं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती करणाऱ्या प्रत्येक आईबापाला मला विचारायचंय की पुढचं सगळं पाहून हसू येतं का.

मग मोबाईल आले. भगव्या कफनीतल्या कुणाचा तरी फोटो, खाली मजकूर, ही टोळी तुमच्या भागात फिरतेय, गाणी म्हणून मुलांना भुलवते, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा. असा एक निरोप एका वर्षी आमच्या वस्तीतल्याच पोराच्या मोबाईलवर आला. कुणी पाठवला, तर तो ज्या लॉजवर कामाला होता तिथल्या मित्राने. पोराने तो मला आणून दाखवला. फोटोतला माणूस आमच्यातला नव्हता. पण कफनी आमची होती.

त्यानंतर वस्तीत एकच काम उरलं, फोन करणं. फेरीला गेलेल्या माणसाला बायकांनी दर थोड्या वेळाने फोन करायचा. उचलला नाही की पुन्हा पुन्हा लावत राहायचा. बऱ्याचदा नुसती बॅटरी संपलेली असायची. मी पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, चार पानी, कायद्याच्या कलमांसकट. तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदा 'व्हय' म्हणाले.

मग विचारलं, "लई भारी लिव्हलंस. पन ह्यो कागद मारनाऱ्याच्या हातात जातो का?"

मी म्हटलं, आम्ही कलेक्टर कचेरीसमोर वाटणार आहोत.

"तिथं कोन मारतंय?" तात्या म्हणाले.

मला वाटलं, त्या वर्षी तात्या फेरीला जाणार नाहीत. गेले. आणि भीती नव्हती म्हणून गेले असं कुणी समजू नये, भीतीनेच गेले. त्यांचा हिशोब असा, की यंदा तोंड दाखवलं नाही तर पुढच्या वर्षी आपण त्या गावात अनोळखी. ओळख हीच आपली पावती. ती दरवर्षी नवी करायची. मीही त्यांच्याबरोबर निघाले. संघटनेच्या कामात आमच्या लोकांची गाणी रेकॉर्ड करून ठेवायची होती, आणि वस्तीत बसून तात्या नीट गात नसत. डवर बांधून चालत असल्याशिवाय त्यांना पुढची ओळ आठवायचीच नाही. मोबाईल माझ्या कुर्त्याच्या खिशात, रेकॉर्डिंग चालू. तात्या गात पुढे, मी चार पावलं मागे.

पहिली दोन गावं बरी गेली. दाणे मिळाले. एका घरी चहा मिळाला. पण जिथे पूर्वी 'या डवरीबाबा' म्हणायचे तिथे आता आधी बघून घ्यायचे, मग ओळख पटली की हसायचे. त्या बघून घेण्याने माझ्या मानेवर घाम यायचा. तात्या प्रत्येक घराशी सुरुवातीलाच आपण कुणाचे कोण ते सांगायचे. अमक्या डवऱ्याचा मुलगा, वडील यायचे, आजोबा यायचे.

तिसऱ्या गावाला जायचा रस्ता पाटाच्या भरावावरून होता. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला ऊस. पाटाला आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ, गढूळ आणि आवाज न करता जोरात चाललेलं. ऊस इतका उंच की पलीकडचं काही दिसेना. दुपारची वेळ, माणूस नाही. आणि तिथे, पाटाच्या अगदी कडेला, एक पोर उभं होतं.

दोन-अडीच वर्षांचं असेल. अंगात नुसता सदरा, पायात वाळा, एका पायात चप्पल. दुसरी चप्पल पाण्याच्या कडेला गवतात अडकली होती आणि ते तिच्याकडे बघत होतं.

तात्या थांबले. हात वर गेले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला. मी पुढे धावणार तोच ते म्हणाले, "हात लावू नको." आवाज चढवला नव्हता, पण मी थांबले. मी म्हटलं, तात्या, पडेल ते. उचला त्याला. तात्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, "धावलीस तर दचकून पडंल. आन् उचलताना कुनी बघितलं, तर आपन दोघंबी इथंच." मग त्यांनी हात खाली घेतले आणि डवरावर बोट फिरवलं. अगदी हलकं. घूम असा आवाज निघाला. पोराने मान वळवली.

तात्या गायला लागले. झोळीत माझ्या चांदणं आलं. लेकरासाठी म्हणून त्यांना तेवढं एकच गाणं येत होतं. गात गात ते भरावावर खाली बसले, पोराच्या उंचीला आले. पोराने चपलेवरची नजर काढली, दोन पावलं त्यांच्याकडे टाकली, मग परत चपलेकडे वळलं. पाय घसरला. बुडावर आपटलं, पण गवतावर. तात्यांचा सूर हलला नाही. मात्र कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि तो ते पुसत नव्हते. त्यांनी झोळीच्या पट्ट्यात खोचलेली लांब काठी काढून हळूच पुढे सरकवली, फेरीला नेतात ती, टोकाला घुंगरू बांधलेली. घुंगरू वाजलं. पोराने टोक पकडलं. तात्या गातच उठले आणि काठीचं दुसरं टोक धरून उलट्या पावलांनी चालू लागले. ते पुढे, पोर मागे, मधे काठी. पाटापासून लांब, उसाच्या बाजूला, गावाच्या दिशेने. त्यांनी त्याला बोट लावलं नव्हतं.

हेच चुकलं. दुसऱ्या कुणीही पोराला उचलून कडेवर घेतलं असतं, हाका मारल्या असत्या, अरे कुणाचं पोर हाय म्हणून. ते बघणाऱ्याला कळतं. आमच्या माणसाने आयुष्यभर हात लावायचा नाही हे पाळलं होतं, म्हणून त्याने पोर काठीने नेलं, गाणं म्हणत नेलं. उसातून बाहेर आलेल्या माणसांनी काय पाहिलं? भगव्या कफनीतला बाबा गातोय आणि भारल्यासारखं पोर त्याच्या काठीमागे चाललंय. मोबाईलवर जे लिहिलेलं होतं, अगदी तेच.

ते पाचसहा जण होते. मग दहाबारा झाले. मग मी मोजणं सोडलं. पहिल्याने काठी हिसकावली. दुसऱ्याने तात्यांच्या मुस्काटात मारली. तात्यांनी दोन्ही हात वर केले. कुणीतरी म्हणालं, "बघा, गुन्हेगार हाय, सवय हाय हात वर करायची." मी ओरडत होते, कलमं सांगत होते, ओळखपत्र दाखवत होते. माझं पत्रक माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर येत होतं आणि ते कुणाच्याही कानात शिरत नव्हतं. एक जण मला म्हणाला, "तू गप ए. तूबी टोळीतलीच." आणि एका पोरगेल्या माणसाने, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, मोबाईल समोर धरून सगळ्यांना सांगितलं, ऐका, गाण्यातच सांगतोय तो, झोळीत घेतो म्हणून. झोळी उपसली गेली. जोंधळे, बाजरी, अर्धी भाकरी, बिडीचं बंडल. पायाखाली डवर फुटला. तो आवाज मी विसरलेली नाही. माणसाचं काहीतरी मोडल्यासारखा होता.

गावचे पोलीस पाटील आले म्हणून आम्ही वाचलो. भिकाजीराव म्हणत होते त्यांना सगळे. साठीला आलेला, जाड भिंगांचा माणूस. त्यांनी लोकांना मागे सारलं, आम्हाला समाजमंदिरात घातलं आणि बाहेरून कडी लावली. पोलिसांना फोन केला. ते आम्हाला वाचवत होते की कोंडत होते हे तेव्हा कळत नव्हतं. बहुतेक त्यांनाही कळत नसावं.

आत अंधूक होतं. खिडकीला गज. बाहेर माणसं वाढत होती. ते दिसत नसलं तरी ऐकू येतं. एकाचा आवाज, मग बऱ्याच जणांचा एकत्र हुंकार. गाड्या थांबत होत्या. दुसऱ्या गावचे येताहेत, हे कुणीतरी मोठ्याने सांगितलं, बहुधा आम्हाला ऐकू जावं म्हणूनच. माझे दात वाजत होते. मी ते हाताने दाबून धरले. तात्या भिंतीला टेकून बसले होते, ओठ सुजलेला, हात मांडीवर, तळवे वर. इतक्यात बाहेर ते पोर रडायला लागलं आणि थांबेना. कुणीतरी म्हातारा खिडकीशी येऊन म्हणाला, काय जादू केली ह्याच्यावर, 'बाबा गा' म्हणून रडतंय. गा म्हणावं दोन ओळी.

तात्या म्हणाले, "न्हाई. आता गायलो तर म्हनाल, बघा, अजून भुलवतोय."

थोड्या वेळाने पोराची आई खिडकीशी आली. तरुण होती, माझ्या वयाची. उसात खुरपायला गेली होती, पोर बांधावर झोपलं होतं, एवढं तिच्या बोलण्यावरून कळलं. आत बघून तिने एकच विचारलं.

"बाबा, त्यो पाटावर हुता का?"

तात्यांनी मान हलवली. "हुता माय. येक चप्पल अजून तिथंच गवतात आसंल."

ती खिडकीखाली बसली, गजांतून तिचं फक्त डोकं दिसत होतं, ते खाली गेलं. मग उठून गेली. तिने बाहेर सांगितलं असणार, कारण पोलीस पाटलांनी कुणाला तरी पाटाकडे पाठवलं आणि ती चप्पल सापडली. त्याने काहींचे आवाज खाली आले. काहींचे नाही आले. चप्पल त्या बाबानेच फेकली असेल, असंही एक जण म्हणाला.

दिवस मावळायला जीप आली. ठाण्यात साहेबांनी माझ्या मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. डवराची घूम, गाणं, माझा आवाज 'उचला त्याला', तात्यांचा आवाज 'हात लावू नको', सगळं होतं. त्यांनी दोनदा ऐकलं, मग आम्हाला सोडलं, सांभाळून जा म्हणाले. खरं काय ते असं एका खोलीत तीन माणसांनी ऐकलं. त्या पोरगेल्याने काढलेला व्हिडिओ मात्र आम्ही घरी पोचायच्या आत वस्तीवर पोचला होता. आजीने तो बघितला होता. तो अजून फिरतोय. कधी गावाचं नाव बदललेलं असतं, कधी जिल्ह्याचं.

परतीच्या टेम्पोत तात्यांनी सुजलेला ओठ कफनीच्या बाहीने पुसला. मग म्हणाले, "त्यो पोलीस पाटील. त्याला माझ्या बापाच्या झोळीत घातला हुता. आधीची दोन गेल्ती त्याच्या आईची. डवर मीच वाजवीत हुतो. म्हनून तर भिका."

मी उडालेच. म्हटलं, तात्या, हे तिथे का नाही सांगितलं? सगळा गाव गप्प झाला असता.

तात्या बाहेर बघत म्हणाले, "म्हनले असते, तवापासून धंदा हाय ह्यांचा."

ते खरं होतं. ते तसंच म्हणाले असते.

त्यानंतर तात्या फेरीला गेले नाहीत. नवा डवर आणून दिला तर खुंटीला टांगला, हात लावला नाही. गाणंही बंद केलं. रेकॉर्डिंगसाठी मी मागे लागले, तर म्हणाले, "तुझ्यापाशी हाय की एक." हो, आहे. गाण्यांचा अभ्यास करणारे एक सर ते ऐकून म्हणाले, झोळीचं गाणं इतकं शुद्ध कुठेच मिळालं नाही, फक्त मागे कुणाचा तरी श्वास फार जोरात ऐकू येतो, तो काढून टाकता येईल. तो श्वास माझा आहे. तो मी काढू दिला नाही. भीती काढून टाकली तर ते गाणं खोटं होईल.

पुढच्या वर्षी तात्या आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यातून घरी आणलं ते बसून राहायलाच. उताणं झोपता येत नव्हतं. त्याच सुमाराला माझी थोरली बहीण, ताई, संगमनेरहून आली. लग्नानंतर तिचं एक बाळ गेलं होतं. हे दुसरं, चार महिन्यांचं. ती शिकलेली आहे, नर्स आहे, तिचा नवसासायासांवर विश्वास नाही. तरी ती पदराच्या गाठीला जोंधळे बांधून आली होती.

ती म्हणाली, "तात्या, झोळी काढा."

तात्यांचे हात वर गेले. त्या आजारपणात पाण्याचा पेलाही त्यांना धरवत नव्हता, पण हात खांद्यापर्यंत गेले, तळवे समोर. "नको. दार उघडं हाय."

आजी म्हणाली, अहो, वस्ती आपली, पोर आपलं.

"बाहेर कोन हाय?" तात्यांनी मला विचारलं.

मी बाहेर बघितलं. दुपार होती. शेळ्या होत्या. वाळत घातलेली धुणी होती. रस्त्याने भाविकांच्या गाड्या जात होत्या, लांबून. मी सांगितलं, कुणी नाही. मग मी पत्र्याचं दार ओढून घेतलं, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. मी, जिने 'घाबरू नका' अशा मथळ्याची पत्रकं वाटली.

आजीने खुंटीवरची झोळी काढून तात्यांच्या मांडीवर पसरली. ताईने बाळ तिच्यात ठेवलं. तात्यांचे हात अजून वरच होते. बाळाने पाय झाडले. ते घसरेल की काय असं वाटलं तेवढ्यात हात खाली आले, दोन्ही, आणि बाळाखाली गेले. त्यांनी ते छातीशी धरलं. श्वास लागत होता. मग गायला लागले, इतकं हळू की माझ्यापर्यंत ओळी अर्ध्याच येत होत्या. आवाज दाराबाहेर जाणार नाही याची ते काळजी घेत होते. ज्यांचं वाक्य 'आवाज आधी' होतं, ते.

गाणं संपल्यावर ताईने पदराची गाठ सोडली आणि जोंधळ्याची ओंजळ पुढे केली. बाळ परत मागितलं.

"थांब वाईच," तात्या म्हणाले.

ताई ओंजळ धरून थांबली. बाहेर रस्त्यावर एक गाडी सावकाश झाली, आणि पुढे गेली. तात्या त्याच आठवड्यात गेले. पण त्या दुपारी ते बाळ त्यांच्या हातांत होतं, आणि बाळ झोपेपर्यंत त्यांनी ते परत दिलं नाही. दारामागे कुणी नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी मी पाठ काढली नाही.